तिसरी चप्पल

बोयेतनं माझ्या डाव्या घोट्याला नायलॉनची दोरी बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली आणि दुसरं टोक स्वतःच्या कंबरेच्या पट्ट्याला बांधून घेतलं.

"एक हिसका म्हणजे?"

"थांब."

"दोन हिसके?"

"सुरू."

"आणि हिसका बसलाच नाही तर?"

"वाजवत राहायचं."

"शाब्बास, डॉक. आज फक्त एवढं सांभाळ. बाकी मी बघतो."

बाकी म्हणजे त्याचं अख्खं आयुष्य होतं, पण तो ते असं म्हणाला, जसं काही चहाचे कप विसळायचे राहिलेत.

ही गोष्ट फिलिपिन्समधल्या दावाव शहरातली. मी सिन्नरहून तिथे डॉक्टर व्हायला गेलो होतो. आजोबांच्या नावावरून माझं नाव ठेवलंय जनार्दन. तिथल्या लोकांना कुठलंही नाव अर्धं तोडून दोनदा म्हटल्याशिवाय चैन पडत नाही, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मी जान-जान झालो, आणि शरीरशास्त्रात पहिल्यांदा नापास झालो त्याच दिवशी सगळे मला आदरानं डॉक म्हणायला लागले.

बोयेतला मी कुया म्हणायचो. कुया म्हणजे दादा. वय अडतीस, धंदा पंक्चर काढायचा, आणि अकरा वर्षं 'तात्लोंग त्सिनेलास' या रॉक बँडचा गायक. तात्लोंग त्सिनेलास म्हणजे तीन चपला. बँडचं पहिलं नाव काहीतरी विजेबिजेचं होतं. पण पहिल्याच कार्यक्रमात, दुसऱ्या गाण्याला, प्रेक्षकांतून तीन चपला आल्या. त्यातल्या दोन एकाच जोडाच्या होत्या. बेस गिटार वाजवणाऱ्या दोदोंगला त्या बरोबर बसल्या, त्यानं झिजेपर्यंत वापरल्या. तिसरी एकटीच. लाल, बायकी, डाव्या पायाची, वर प्लास्टिकचं पिवळं फूल.

"पहिल्या दोन रागानं आल्या," बोयेत सांगायचा. "तिसरी प्रेमानं. चिडलेला माणूस फुलाची चप्पल फेकत नाही."

ती चप्पल त्यानं दोन खिळे मारून मोठ्या ड्रमच्या लाकडी कड्यावर ठोकली होती. कार्यक्रमाआधी तिला हात लावून मग तो हात कपाळाला लावायचा.

चप्पल शुभ होती असं म्हणायला पुरावा मात्र कमी होता. अकरा वर्षांत बँडनं कोंबड्यांच्या झुंजीच्या दोन मैदानांची उद्घाटनं केली, दातांच्या डॉक्टरांच्या एका संमेलनात जेवणाच्या वेळी वाजवलं, आणि एका मयताला. तिथे मयताजवळ आठवडाभर माणसं बसतात, पत्ते खेळतात, म्हणून कुणीतरी बोलावलं होतं. विधवा बाई उठून आली, म्हणाली जरा हळू वाजवा. पाच मिनिटांनी परत आली, म्हणाली त्यापेक्षा बंदच करा. एक गाणं रेडिओवर लागायचं, पहाटे पाचला, डुकरांचे बाजारभाव सांगून झाल्यावर. बोयेत म्हणायचा, त्या वेळेला सगळे लक्ष देऊन ऐकत असतात.

आणि अकरा वर्षांत सात ड्रमर गेले. सातही बोटीवर नोकरीला. तिकडे आपल्याकडच्या मुलांना जसं पुण्याला जायचं असतं तसं त्यांना बोटीवर जायचं असतं. सातवा तर जाताना पायानं वाजवायची झांजसुद्धा घेऊन गेला. म्हणून माझा डावा पाय दोरी बांधायला मोकळा होता.

मी बँडमध्ये आलो जेवणाच्या ताटावरून. बोयेतच्या सासूबाईंच्या घरात मी खोली घेऊन राहायचो. एकदा भात यायला उशीर झाला म्हणून चमच्यांनी ताटावर नाशिक ढोल वाजवत बसलो. पंक्चरच्या दुकानातून बोयेत धावत आला, हात ग्रीसनं माखलेले, डोळे भरलेले.

मला वाजवता येत होतं. थांबता येत नव्हतं. चूक माझी नाही, आमच्या सिन्नरच्या पथकाची शिस्तच तशी. ताशा थांबल्याशिवाय ढोल थांबत नाही, मग आभाळ पडो. एका पोराचं टिपरू मोडलं म्हणून तो मिरवणुकीत मध्येच थांबला, तर आमच्या कोकाटे अण्णांनी त्याला दोन वर्षं ढोलाला हात लावू दिला नव्हता. रॉक बँडमध्ये ताशा नसतो हे मला माहीत होतं. माझ्या हातांना माहीत नव्हतं. पहिल्या सरावाला गाणं संपलं, बोयेत पाणी प्यायला, दोदोंगनं गिटार पुसली, शेजारी तक्रार करून गेले, तरी मी चालूच. मग दोरीची युक्ती निघाली. दोदोंगची. तो पेशानं न्हावी, त्यामुळे गिऱ्हाईक ऐन वेळी हललं तर काय करायचं याचा त्याला अनुभव होता.

आता सासूबाई. नानाय लुसिंग. नानाय म्हणजे आई. उंची माझ्या खांद्याइतकी, पण ती खोलीत आली की कुत्रासुद्धा नीट बसायचा. तिनं जावयासाठी बोटीवर जागा मिळवली होती, स्वयंपाक्याचा मदतनीस म्हणून. सोमवारी सकाळी आठला एजन्सीची गाडी येणार होती. बोयेतनं हातापाया पडून एक अट मागून घेतली. रविवारी सान इसिद्रोच्या जत्रेत बँडची स्पर्धा. जिंकला तर बोट रद्द. हरला तर बँड बंद, ड्रम विकायचे, आणि दोन वर्षं बटाटे सोलायचे. नानायनं लगेच मान्य केलं. त्या वर्षी जत्रेची मानकरीण तीच, आणि स्पर्धेच्या तीन परीक्षकांतली एकही तीच.

"आपल्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत येऊन बसते," बोयेत मला म्हणाला. "अकरा वर्षं. हाताची घडी. एकदा टाळी नाही. चुका मोजते, डॉक. नक्की मोजते."

सान इसिद्रो हा शेतकऱ्यांचा संत, म्हणून त्याच्या मिरवणुकीचा ट्रक केळ्यांच्या घडांनी आणि अननसांनी मढवलेला होता. केबिनवर संताची मूर्ती. आधी ट्रकच्या पाठीवरच स्पर्धा, मग तोच ट्रक मिरवणुकीला, असा काटकसरीचा कार्यक्रम. मला ड्रम लावून दिले त्या जागेच्या बरोबर वर एक ड्युरियन टांगलेला होता. ड्युरियन म्हणजे फणसाचा तापट भाऊ. काटे दाभणासारखे, वजन चारेक किलो. माझ्या डोक्यापासून वीतभर वर तो सुतळीला लोंबकळत होता.

"कुया, हा काढता येईल का?"

"देवाचा आहे. तू मान खाली घालून वाजव."

म्हणून मी मान खाली घालून वाजवलं. पुढे जे झालं ते मला दिसलं का नाही, असं नंतर सगळ्यांनी विचारलं, म्हणून हे सांगून ठेवतो.

आमचा नंबर दुपारी चारला लागला. बोयेत कातडी पँट घालून आला. ती जुन्या, लठ्ठ ड्रमरची होती आणि फक्त पट्ट्याच्या आधारावर उभी होती. त्यानं चपलेला हात लावला, कपाळाला लावला, दोन हिसके दिले. मी सुरू झालो. गाणं त्याचं स्वतःचं होतं, सोडून गेलेल्या लोर्ना नावाच्या बाईवर. पहिलं कडवं छान झालं. दुसऱ्या कडव्यात, 'लोर्ना, परत ये' म्हणता म्हणता वीज गेली.

माइक मेला. दोदोंगची गिटार मेली. दोदोंग ट्रकवरून उतरून फ्यूज शोधायला कुठेतरी गेला. बोयेतनं जनरेटरवाल्याला हाक मारली, तो जेवायला गेलेला. म्हणून बोयेत ट्रकच्या मागच्या बाजूनं खाली उडी मारून उतरला. दोरी लांब होती, हिसका बसला नाही.

हिसका नाही म्हणजे वाजवत राहायचं. मी वाजवत राहिलो. साथीला कुणी नाही म्हटल्यावर हात आपोआप घरच्या वाटेला लागले आणि नाशिक ढोल सुरू झाला.

आता तिथली रीत अशी, की नुसता ड्रम वाजायला लागला की संताची मिरवणूक निघाली असं समजायचं. ट्रकचा ड्रायव्हर मानोंग इस्को म्हातारा आणि फार भाविक माणूस. त्यानं नुसता ड्रम ऐकला, छातीवर क्रॉस काढला, गिअर टाकला. आणि दुसरी रीत अशी, की संताची गाडी एकदा निघाली की चर्चच्या दारापर्यंत थांबवायची नाही. थांबली तर त्या वर्षी पाऊस दगा देतो.

ट्रक निघाला. मागे दहा हात दोरी. दोरीला बोयेत.

पहिल्या खड्ड्यात दोरीला हिसका बसला. मी थांबलो. पथकात ढोल थांबला की जे तोंडातून निघतं ते माझ्या तोंडातून निघालं, "गणपती बाप्पा."

"विवा," सगळी गर्दी ओरडली. विवा म्हणजे जय. शब्द वेगळा होता, पण आवाज तोच, सिन्नरचा.

मान खाली घातलेलीच होती. ड्रमच्या खालून मला फक्त रस्ता, बोयेतचे बूट आणि त्यांच्या शेजारी नानायचे काळे बूट दिसत होते. मानकरणीनं हातात मेणबत्ती घेऊन संताच्या मागे चालायचं असतं. ती चालत होती. बोयेत धावत होता.

"पट्टा सोड," नानाय म्हणाली.

"सोडला तर पँट राहणार नाही, नानाय."

"दोरी काप मग."

"कात्री दोदोंगकडे. दोदोंग राहिला मागे."

पुढचा खड्डा जोडखड्डा होता. दोन हिसके. मी सुरू.

दावावच्या त्या भागातले रस्ते सिन्नरची आठवण यावी असे होते. एक खड्डा, थांब. दोन खड्डे, सुरू. मी इमानदारीत प्रत्येक खड्डा वाजवला. लोकांना वाटलं ही नवी पद्धत आहे. थांबलो की ते विवा म्हणून ओरडायचे, सुरू झालो की नाचायचे. मला त्या दोघांचं बोलणं तेवढ्या थांब्यांतच ऐकू यायचं.

"गाडी आठला येईल," पुढच्या थांब्याला नानाय सांगत होती. "दोन जीन्स, तीन बनियन, कानटोपी. बोट नॉर्वेला जाते, तिथे तुझं हे कातडं चालायचं नाही."

"अजून निकाल कुठे लागलाय?"

"निकाल लावणारी ही इथे चालतेय. गिटार नाही, माइक नाही, अर्धं गाणं. मार्क कशाला देऊ, पँटला?"

सुरू. एक अख्खी गल्ली सुरू. मग थांब.

"नुसता धावतोस काय," नानाय म्हणाली. "गा."

"माइक नाहीये."

"माझ्याशी भांडताना कधी लागला तुला माइक?"

दोन हिसके बसले आणि ड्रमच्या वर मला बोयेतचा आवाज ऐकू आला. धावत धावत, उघड्या गळ्यानं. संताच्या मागे लोर्नाला कसं बोलवायचं, म्हणून त्यानं लोर्नाच्या जागी इसिद्रो घातला. 'इसिद्रो, परत ये. इसिद्रो, मी तुझ्याशी वाईट वागलो.' म्हाताऱ्यांनी रुमाल काढले. त्यांना वाटलं चर्चनं नवं भजन आणलंय. तिसऱ्या गल्लीत सगळा रस्ता गात होता.

स्पर्धेच्या मैदानावर तोपर्यंत एक माणूस उरला नव्हता. दोन परीक्षक होते, ते खुर्च्या सांभाळत होते.

चर्च आलं. ट्रक थांबला. शेवटचे हिसके दोन होते, म्हणजे मी चालू होतो. बोयेत पायरीवर आडवा झाला. पाद्री पवित्र पाणी घेऊन बाहेर आला आणि थांबण्याची वाट बघत उभा राहिला. मी हिसक्याची वाट बघत होतो. दोरी सैल पडलेली.

"थांबव त्याला," नानाय म्हणाली.

बोयेतनं नुसती मान हलवली. दोरी ओढायला हात उचलवत नव्हता. कुणीतरी मला हाक मारली. पथकात हाकेला थांबत नसतात. पाद्रीनं घड्याळ बघितलं. मानकरणीच्या वर्षी आशीर्वादाला उशीर झालेला नानायला चालणार नव्हता. तिनं मेणबत्ती शेजारणीकडे दिली, खांद्यावरच्या पिशवीत हात घातला, आणि पुढच्या क्षणी माझ्या कपाळावर काहीतरी फाडकन बसलं.

मी थांबलो. दचकून मान वर केली आणि ड्युरियनला भेटलो. टाळूवर तीन टिपके अजून आहेत. सिन्नरचा न्हावी दर वेळी विचारतो, मी दर वेळी देवीचे म्हणून सांगतो.

"विवा," गर्दी म्हणाली. मग एकदम गप्प झाली. सगळे ड्रमकडे बघत होते.

माझ्या ड्रमवर एक चप्पल पडली होती. लाल. उजव्या पायाची. वर प्लास्टिकचं पिवळं फूल. आणि तिच्या खाली, हातभर अंतरावर, खिळ्यांनी ठोकलेली डावी. फरक इतकाच, की या चपलेचं फूल अजून नवं होतं.

बोयेत पायरीवरून उठला. रांगत ट्रकपर्यंत आला. इकडची बघितली, तिकडची बघितली.

"नानाय, ही कुणाची?"

"माझी."

"आणि ती?"

"एका पायाचीच माझी असेल का?"

"म्हणजे ती प्रेमानं नव्हती आली."

"मेर्लीला घरी न्यायला आले होते त्या दिवशी. तुझ्याकडे बघत उभी होती, हलेना. हातात दुसरं काही नव्हतं."

बोयेतनं गर्दीत बायकोकडे बघितलं. मेर्लीनं छत्री खाली घेतली. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण आई आणि नवरा एका घरात असले की बाई बऱ्याच गोष्टी छत्रीखाली ठेवते.

"मग तुम्ही अकरा वर्षं प्रत्येक कार्यक्रमाला..."

"चप्पल बघायला यायचे. आहे का, पडली का. एकदाच घातली होती मी ती."

"मागायची ना मग."

"फेकलेली वस्तू कोण परत मागतं? समोरच्याला कळायला पाहिजे. खिळे मारताना एकदा तरी मनात आलं तुझ्या, की कुणीतरी बाई एका पायानं घरी गेली असेल?"

अकरा वर्षं बोयेतच्या मनात फक्त फूल आलं होतं.

"आज ही बरोबर का आणलीत?" मी विचारलं. कपाळ माझं होतं, मला हक्क होता.

"आज बँड मोडणार होता ना. ड्रम विकायला निघाले असते. म्हटलं, सामान इकडेतिकडे जायच्या आत जोड लावून घ्यावा."

पाद्री खाकरला. नानायनं त्याला हातानं थांबवलं. संताच्या दारात मी हे आणखी कुणाला करताना बघितलेलं नाही.

"आणि बोट, नानाय?" बोयेतनं हळूच विचारलं.

ती ड्रमवरून उचललेली उजवी चप्पल पदरासारखी छातीशी धरून उभी होती. डाव्या चपलेकडे बघत राहिली.

"बोटीचं बघू मग," ती म्हणाली. "आधी ते खिळे काढ."

पक्कड ट्रकमध्ये होती. पंक्चरवाल्याला खिळे काढायला किती वेळ लागणार? पण बोयेतनं ते इतक्या हळू काढले, की पाद्रीनं मध्येच आशीर्वाद उरकून घेतला.

स्पर्धा आम्ही हरलो. साडेसातला वीज आली, आमच्या मागचा नंबर असलेल्या बँडनं दोन परीक्षकांसमोर वाजवलं आणि बक्षीस नेलं. सोमवारी आठला एजन्सीची गाडी आली. नानाय दारात उभी होती, पायात दोन्ही चपला, डावीला दोन भोकं. जावई देवाच्या कामाला गेलाय, असं सांगून तिनं गाडी परत पाठवली. ते खरंही होतं. शेजारच्या वस्तीची मिरवणूक त्याच दिवशी होती आणि त्यांनी आम्हाला आदल्या संध्याकाळीच ठरवलं होतं. अट एकच, दोरी पाहिजे.

त्या मे महिन्यात आम्ही नऊ संत पोचवले. मी शरीरशास्त्रात परत नापास झालो. पुढे पास झालो, सिन्नरला आलो, दवाखाना टाकला. बँड चालूच आहे. आता नानाय ट्रकवर खुर्ची टाकून बसते आणि चर्च आलं की ड्रमरला चप्पल मारते. लोक खास ते बघायला येतात. प्रत्येक वेळी बोयेत खाली वाकून ती चप्पल तिच्या पायाशी नेऊन ठेवतो. एकदाही विसरलेला नाही.

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. दवाखान्यात गर्दी होती, तरी घेतला.

"डॉक, नानायचा उजवा खांदा धरलाय. हात वर जात नाही. रविवारी कार्यक्रम आहे."

"दुखतंय म्हणून फेकायचं थांबवलंय का त्यांनी?"

"हो."

"थांबवू नका. खांदा अजून आखडेल. रोज सकाळी दहा वेळा फेकायला सांग. सावकाश, पण रोज."



"नुसती हवेत फेकायची का?"

"नको. समोर काहीतरी नेम धरायला हवं. मग हात नीट सुटतो."

मागे मला नानायचा आवाज ऐकू आला. ती विचारत होती, काय म्हणतोय जान-जान.

"काही नाही, नानाय," बोयेत म्हणाला. "तो म्हणतो विश्रांती घ्या."